पुणे ते चंद्रपूर, मे महिन्यात: गॅस भरला, पण एसी गार होईना

मे महिन्यात चंद्रपूरला गाडीने? घरातल्या सगळ्यांनी वेड्यात काढलं. पण मावशीकडे लग्न, रेल्वेचं तिकीट वेटिंगवरून हलेना, आणि सोबत सत्तरी ओलांडलेली आई. शेवटी पहाटे 4 वाजता पुणे सोडलं. अहिल्यानगरपर्यंत काचा खाली करूनच गेलो.

छत्रपती संभाजीनगरच्या अलीकडे टोलनाक्यावर मोठी रांग होती. गाडी पळत होती तोवर एसी छान गार होता. रांगेत उभे राहिलो आणि तीन-चार मिनिटांत कोमट हवा यायला लागली. नाका ओलांडून वेग घेतला की पुन्हा गार. दोष नेमका कुठे आहे ते या एका खुणेतच होतं, पण मला ती खूण वाचता आली नाही.

शहरात एका गॅरेजवर थांबलो. बॉनेट उघडायच्या आधीच उत्तर तयार होतं: “गॅस संपलाय.” नळी जोडली, सिलिंडरमधून अंदाजाने गॅस सोडला, 1,200 रुपये घेतले. वजन नाही, गळती तपासणी नाही. दहा मिनिटांत मोकळे.

सावंगीला समृद्धी महामार्गावर चढलो. तिथे कारला ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे, मी 100 च्या आसपास होतो. गारवा इतका छान की आईने शाल मागितली. काम झालं असंच वाटलं. दुपारी नागपुरात शिरलो आणि पहिल्याच मोठ्या सिग्नलला गरम हवा. या वेळी आधीपेक्षा वाईट: कॉम्प्रेसर ‘टक्’ करून बंद पडायचा, थोड्या वेळाने पुन्हा लागायचा. बाहेर 45 अंश. आईचा चेहरा लाल झालेला. पंचा भिजवून तिच्या डोक्यावर ठेवला आणि नातेवाइकांनी सांगितलेल्या एसीवाल्याकडे गाडी वळवली.

त्या भाऊंनी आधी कशालाही हात लावला नाही. गाडी चालू ठेवून एसी लावायला सांगितला, जाळीतून आत डोकावले आणि विचारलं, “पंखा फिरते का, पाह्यलं का तुम्ही?” पाहिलं नव्हतं. माझ्या गाडीत रेडिएटरचा पंखा वेगळा आणि कंडेन्सरचा, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाचा, वेगळा. रेडिएटरचा चालू होता, म्हणून इंजिनाचा काटा जागेवर. कंडेन्सरचा मात्र ठप्प.

मग त्यांनी पाण्याची बाटली कंडेन्सरवर हळूहळू ओतली. मिनिटभरात गार हवा! मला हे फारच आवडलं, कारण त्यात सगळी गोष्ट समजली. आतली उष्णता घेऊन आलेला गॅस कंडेन्सरमध्ये ती बाहेर टाकतो. गाडी पळताना समोरचा वारा हे काम करून देतो, उभ्या गाडीत ते पंख्यानेच करायचं. पंखा बंद, तर दाब चढत जातो, आणि तो फार चढला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. त्यात आदल्या गॅरेजने जास्तीचा गॅस कोंबलेला, म्हणून दाब आणखी लवकर चढत होता.

फ्यूज चांगला होता. रिले, म्हणजे पंख्याला करंट जोडणारा स्विच, तशाच दुसऱ्या रिलेशी बदलून पाहिला, फरक नाही. मोटरला बॅटरीवरून थेट करंट दिला, तरी गप्प. पेचकसाच्या मुठीने हलकेच ठोकलं आणि ती फिरायला लागली. म्हणजे मोटरच्या आतले कार्बन ब्रश झिजलेले. मोटर बदलली. मशीनने गॅस काढून घेतला तर 560 ग्रॅम निघाला, बॉनेटखालच्या स्टिकरवर 430 लिहिलेलं! अर्धा तास व्हॅक्यूम, मग मोजून 430. हा गॅस हवेत सोडून देणाऱ्याकडे जाऊ नका. माझ्या एसीतला हा आर-134ए गॅस कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त तापमानवाढ करतो.

त्यांचं एक वाक्य लक्षात ठेवा: “ग्यास संपत नसते, निंगून जाते.” हे बंदिस्त चक्र आहे. गॅस कमी झाला असेल तर गळती शोधलीच पाहिजे. जोडांवर आणि कंडेन्सरवर तेलकट डाग दिसतो का ते पाहा. आणि गॅस खरंच कमी असेल तर पळत्या गाडीतही गारवा कमीच राहतो.

या वाटेने उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी निघायच्या आठवडाभर आधी भर दुपारी गाडी जागेवर उभी करून पंधरा मिनिटं एसी चालवा. बहुतेकांची चाचणी पळत्या गाडीत होते आणि पंख्याचा दोष लपून राहतो. पंख्याजवळ हात नेऊ नका, तो अचानक सुरू होतो. हवाच कमी येत असेल तर बऱ्याच गाड्यांमध्ये ग्लोव्ह बॉक्समागे असतो तो केबिन फिल्टर काढून बघा. माझ्यात वाळलेली पानं निघाली. तासाभराने हवेचा जोर घटत गेला तर आत बर्फ धरला असेल. एसी बंद करून नुसता ब्लोअर दहा मिनिटं चालवा. गाडीखाली पाणी टपकणं चांगलं लक्षण, पायाशी मॅट ओली होणं नाही: ती ड्रेन नळी तुंबल्याची खूण.

आणि वाटेतच पंखा गेला तर? गाडी चालती ठेवा, रांगेत एसी बंद करून काचा उघडा. समृद्धीवर थांबायच्या सोयी लांब लांब आहेत, तेव्हा पाण्याचा पाच लिटरचा कॅन सोबत असू द्या.

दुसऱ्या दिवशी बुटीबोरी, जाम, वरोरा करत निघालो. भद्रावतीच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेत वीस मिनिटं अडकलो. समोरून पंख्याची घरघर ऐकू येत होती. आई मागे झोपली होती.