तालुका बदलला की झालं?

‘प्रस्तुत तालुक्यातील महिला बचत गटांवर आजवर संशोधन झालेले नाही.’

एका विद्यार्थिनीच्या सिनॉप्सिसमधलं, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यातलं, हे एक वाक्य दुपारपासून डोक्यात रुतून बसलंय. सिनॉप्सिस एरवी नीटनेटका आहे. वाक्य खोटं असतं तर लाल रेघ मारून मोकळं होता आलं असतं. ते खरं आहे, हीच पंचाईत. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, बचत गट, स्वयंसहाय्यता समूह, सेल्फ हेल्प ग्रुप, तिन्ही नावांनी शोधून झालं; देवनागरीत आणि रोमन लिपीतही, कारण शीर्षक कोण कसं चढवेल याचा नेम नसतो. त्या तालुक्यावर खरंच काही नाही.

मग खटकतंय काय? जागा रिकामी आहे, पण ती रिकामी असल्याने कुणाचं काही अडलेलं नाही. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गट बँकांशी जोडायला घेतले, तेव्हापासून या विषयावर ढिगाने लिहिलं गेलं. त्यात एका तालुक्याची भर पडली, तर आधीच्या कोणत्या निष्कर्षाला धक्का लागेल? याचं उत्तर सिनॉप्सिसमध्ये नाही. आणि असले सिनॉप्सिस नेमके आपल्याच टेबलावर का येऊन पडतात, तेही शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी... सरांना विचारायला हवं. जाऊ दे, सर काय म्हणतील ते ठाऊक आहे.

जागा बदलून काहीच साधत नाही असंही नाही. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा १९८९ चा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला अभ्यास गडचिरोलीच्या दोन गावांतला. पण ‘गडचिरोलीत कुणी पाहिलं नव्हतं’ हा त्याचा गॅप, म्हणजे आधीच्या संशोधनातली रिकामी जागा, नव्हता. स्त्रियांच्या आजारांची माहिती तोवर मुख्यतः दवाखान्यात आलेल्या बायकांवरून मिळत होती. ज्या आल्याच नाहीत त्यांचं काय? ६५० जणींची तपासणी झाली. ९२ टक्के जणींना स्त्रीरोगविषयक किंवा लैंगिक आजार निघाले, आणि आधी तशी तपासणी व उपचार झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. रिकामी जागा नकाशावर नव्हती, नमुना निवडण्याच्या पद्धतीत होती.

हे लिहिताना लक्षात येतंय, बचत गटांच्या अभ्यासातही तीच जागा रिकामी असते. प्रश्नावली भरून घेतात ती आज गटात असलेल्यांकडून. गट सोडून गेलेल्या, हप्ता थकल्याने काढलेल्या, भांडून निघालेल्या यादीतच नसतात. टिकलेल्यांनाच विचारलं तर फायदा झाला असंच निघणार!

ही गोष्ट आधीच्या संशोधनाचा आढावा वाचून दिसत नाही, तक्ता मांडला की दिसते. पंचवीस-तीस लेख घ्यायचे. रकाने सहा: वर्ष, ठिकाण, कोणाला विचारलं, कशाशी तुलना केली, काय निघालं, लेखकाने स्वतः मान्य केलेल्या मर्यादा. मग आडवं न वाचता उभं वाचायचं. तिसऱ्या रकान्यात खालपर्यंत ‘सध्याच्या सदस्य’ आणि चौथ्यात नुसत्या रेघा दिसल्या की गॅप हाती आला. आपल्याकडे आढावा आडवाच लिहितात, ‘अमुक यांनी म्हटले आहे’ करत, आणि शेवटी गॅप चिकटवतात.

गृहीतकाची अवस्था त्याहून वाईट. ‘बचत गटांमुळे महिलांचे सक्षमीकरण झाले आहे.’ हे खोटं ठरायचं तर काय दिसावं लागेल, ते कुठेच नाही. वर पाच उद्दिष्टं म्हणून खाली पाच गृहीतकं. या पाचात काय पुण्य आहे कोण जाणे. गडचिरोलीतच बंग दांपत्याने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला नवजात बाळांचा प्रयोग पाहावा. ३९ गावांत प्रशिक्षित गावकरी आरोग्यसेविकांकडून घरच्या घरी काळजी, जंतुसंसर्गावरचे उपचारही. ४७ गावं तुलनेसाठी. मृत्यू कमी झाले नसते तर गृहीतक पडलंच असतं. ते पडलं नाही: तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदरातली निव्वळ घट ६२ टक्के निघाली.

तर या विद्यार्थिनीसाठी: ‘गटात टिकलेल्या आणि गट सोडलेल्या महिलांमध्ये गेल्या १२ महिन्यांत सावकाराकडून कर्ज घेण्याच्या प्रमाणात फरक नाही.’ हे शून्य गृहीतक, म्हणजे ‘फरक नाही’ असं धरून आकड्यांनी तपासायचं विधान. दोन समूह, एक मोजता येणारी गोष्ट, ठरलेला काळ. माहिती गोळा करण्याआधी लिहायचं, नंतर आकडे बघून नाही. सोडलेल्यांची नावं गटाच्या जुन्या बचत नोंदवहीत सापडावीत, बचत परत दिल्याच्या नोंदीवरून. का सोडलं तेही विचारावं लागेल. लग्न होऊन गाव सोडलेली आणि कर्ज थकलेली एका खान्यात घातली तर फरक दिसला तरी अर्थ लागणार नाही. गट सोडलेल्या फारच थोड्या सापडल्या आणि दोन समूहांच्या तुलनेच्या तक्त्यात एखाद्या घरात अपेक्षित संख्या पाचाखाली गेली, तर काय-स्क्वेअर या फरक तपासायच्या संख्याशास्त्रीय चाचणीवर विसंबता येणार नाही, लहान संख्यांना चालणारी फिशरची चाचणी घ्यावी लागेल. मुलाखतीला गटाच्या अध्यक्षबाईंना शेजारी बसू द्यायचं नाही, हे तर सांगायलाच हवं.

शीर्षक मात्र बदलू नये. ते बदलायचं म्हणजे पुन्हा समिती, पुन्हा सह्या, पुन्हा सहा महिने. राहू दे तालुका शीर्षकात, आणि ते वाक्यही राहू दे, खरं तर आहेच. त्याच्यापुढे एक ‘मात्र’ घालून नवं वाक्य सुरू करायचं. समासात एवढंच लिहिलंय: ‘मात्र – गट सोडलेल्यांचं काय? उद्या अकरानंतर या, सहा रकान्यांचा तक्ता घेऊन.’