आमची वाटचाल : अकरा ॲडमिन आणि एक वही

सातपूरच्या एका गाळ्यात दोन कॉम्प्युटर आणि उसना इन्व्हर्टर, एवढ्यावर आमच्या सॉफ्टवेअर कंपनीची सुरुवात झाली. पहिलं मोठं काम दिंडोरीकडच्या द्राक्ष पॅकहाऊसचं : क्रेटची आवक, वजन, दर, शेतकऱ्याचं पेमेंट. मालक म्हणाले, "ॲडमिन मी आन् माझा भाचा, बाकी सगळे युजर." आम्हीही कोडमध्ये जागोजागी 'ॲडमिन असेल तर' लिहून मोकळे झालो.

मग माणसं वाढली. ज्याचं काम अडेल त्याला ॲडमिन करून टाकायची सवय लागली. ऐन फेब्रुवारीत, तोडणी जोरात असताना एका काटापट्टीवरचा दर बदललेला निघाला. मोजले तर ॲडमिन अकरा! कोणी बदलला याची नोंदच नव्हती.

मी भर दुपारी नवे रोल, म्हणजे कामानुसार ठरलेले हक्कांचे गट, चढवले. चालू काट्यावर असा हात घालायला नको होता. पहिल्या काट्यावरच्या पोराचं ॲडमिनपद काढलं, तरी त्याला दर बदलता येतच होता. जुना रोल त्याच्या लॉगिनच्या टोकनमध्ये, म्हणजे लॉगिन केल्यावर मिळणाऱ्या डिजिटल पासमध्ये, बसलेला आणि टोकनची मुदत आठ तास. दुसऱ्या काट्यावरच्याने नव्याने लॉगिन केलं, तर त्याला वजनच टाकता येईना. वजन टाकायचं पान 'ॲडमिन' आणि 'युजर' एवढेच दोन ओळखायचं, 'काटा ऑपरेटर' हा नवा रोल त्याच्या गावीही नव्हता. बाहेर पिकअपची रांग. मालकांचा फोन आला : "साहेब, माल तापतोय. मी वही काढतो." काढलीच.

परवानग्या माणसाला नाही तर रोलला बांधायच्या, हे अमेरिकेतल्या फेरायोलो आणि कुह्न यांनी १९९२ मध्येच मांडून ठेवलं होतं. आम्हाला ते द्राक्षं तापल्यावर कळलं. आता कोड रोलचं नाव विचारत नाही, 'याला दर बदलता येतो का' एवढंच विचारतो, तेही प्रत्येक वेळी सर्व्हरवर. नुसतं बटण लपवून हक्क जात नाही. प्रत्येक युजरच्या नोंदीत एक आकडा ठेवलाय, तोच त्याच्या टोकनमध्येही असतो; हक्क बदलला की तो वाढतो आणि जुन्या आकड्याचं टोकन तिथेच बाद. बदल करताना आधी नवी परवानगी द्यायची, माणसं नव्या रोलवर न्यायची, दिवसभर बघायचं, मगच जुनी काढायची. शेवटच्या ॲडमिनला स्वतःचं नाव काढता येत नाही, ही सोय भाच्यामुळे आली. तो किस्सा चहावर.

काट्यावरचं ते पोरगं आता सुपरवायझर आहे. त्याला दर बदलता येतो, फक्त प्रत्येक बदलाचा मेसेज मालकांच्या मोबाईलवर जातो.