ताकद नेमकी कुठली?

आज सकाळी येरवड्याच्या गोल्फ मैदानावर माझा ड्राइव्ह, म्हणजे सुरुवातीचा लांब फटका, पुन्हा एकदा उजवीकडच्या झाडीत गेला, तेव्हा माझी बॅग वाहणारे कॅडीकाका शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्ही नुसत्या हातांनी मारताय, पायांना तर पत्ताच नाही."

हे वाक्य दिवसभर डोक्यातून गेले नाही. गेले तीन महिने मी जिममध्ये डंबेल उचलून दंड कमावत होतो (शर्टाच्या बाह्या तेवढ्या घट्ट झाल्या), आणि चेंडू मात्र पूर्वीपेक्षा तसूभरही लांब जात नव्हता.

काकांनी बॅग खाली ठेवली, दोन्ही हात छातीवर बांधले, अंग मागे वळवले आणि उजव्या पायाने जमीन अशी रेटली की आधी कंबर फिरली, मग खांदे आले. हातांचा प्रश्नच नव्हता.

संध्याकाळी जिममधल्या प्रशिक्षकानेही तेच सांगितले: स्विंगचा, म्हणजे फटक्यासाठी अंग फिरवण्याचा, जोर जमिनीपासून मांड्या, नितंब, पोट-पाठ असा वर चढत हातांपर्यंत पोहोचतो, म्हणून स्क्वॉट (उठाबशा), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणे) आणि मेडिसिन बॉल (वजनदार चेंडू) बाजूने भिंतीवर फेकणे हे आधी. वजने उचलल्याने गोल्फपटूचे अंग आखडते, असे मानण्याच्या काळात दक्षिण आफ्रिकेचे गोल्फपटू गॅरी प्लेअर ती नेमाने उचलत होते आणि १९६५ पर्यंत त्यांनी गोल्फमधल्या चारही प्रमुख स्पर्धा जिंकल्या होत्या.

चौदा क्लबांची (गोल्फच्या काठ्यांची) बॅग खांद्यावर घेऊन अठरा होल चालणाऱ्या माणसाला हे कोणी शिकवले असेल?