पहिला कोण पळणार?

टायर बदलायला गाडी दिली होती. तासभर लागेल म्हणाले, म्हणून काचेच्या खोलीत बसलो. आधीपासून दोन म्हातारे बसलेले, हातात कागदी कपातली कॉफी, आणि वाद एकच: शनिवारी जॉर्जिया विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल टीमनं सुरुवातीला कुठल्या रनिंग बॅकला, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्या गड्याला, उतरवायचं? एकाला अंगानं भक्कम पोरगा हवा होता. दुसऱ्याचं म्हणणं, तो नुसता भिंतीला धडका देतो, फट कुठं आहे ते ह्या धाकट्याला बरोबर दिसतं. दोघांच्याही घरातलं कोणी त्या टीममध्ये नसणार, हे मी खात्रीनं सांगतो. असतं तर गप्प बसले असते.

खरं म्हणजे ह्या वादात काही दम नाही. सुरुवातीला कोणीही उतरला तरी चार चाली झाल्या की दुसरा आत येतोच. बॉल पोटाशी धरून समोरच्या अकरा जणांच्या गर्दीत घुसायचं काम. एकटा किती वेळ करणार? तरी पहिला कोण, ह्यावर अटलांटापासून विद्यापीठाच्या अथेन्स गावापर्यंत आख्खा आठवडा निघतो. मी इतकी वर्षं इथं राहतोय, आता माझाही निघतो.

माझं लहानपण कोल्हापूरचं, त्यामुळं मला हे नवीन नाही. आमचा फुटबॉल पायानं खेळायचा, एवढाच काय तो फरक. काका मला शाहू स्टेडियमवर न्यायचा. पाटाकडील आणि खंडोबा असा सामना असला की दुपारीच जाऊन जागा धरायची. पायरी तापलेली असायची, म्हणून काका माझ्या चपला माझ्याच खाली घालायचा, आणि खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी सोडून दोघांच्या मधे टीम मांडायचा. गोलकीपरला सालासकट शेंगदाणा, बाकीचे सोललेले. हा इथं पाहिजे, तो तिथं पाहिजे, अशी सरकवासरकव चालायची. पलीकडचा माणूस वाद घालायला वाकायचा. एकदा त्यानं बोलता बोलता आमचा सेंटर फॉरवर्ड खाल्ला. काकानं पुडीतनं दुसरा काढून ठेवला आणि म्हणाला, "तसाही त्याला काढायचाच होता."

काकाची एक खोड होती. जो पोरगा बाकावर बसलाय, तोच त्याला हवा असायचा. अर्धा सामना त्याच्या नावानं ओरडायचा, "अरे, त्याला घाला की!" मग घालायचे त्याला. दहा मिनिटांत काकाचा त्याच्यातला रस संपायचा आणि नजर परत बाकाकडं. घरी काकू विचारायची, "तुम्हाला विचारून टीम काढतात काय हो?" काकाला ह्याचं वाईट वाटायचं नाही. उलट, विचारत नाहीत म्हणूनच इतक्या मोकळेपणी बोलता येतं, असं मला आता वाटतं.

ही खोड माझ्यात उतरली आहे. २०१४ पासूनची चार वर्षं आमच्या घरात निक चब आणि सोनी मिशेल, ह्या जॉर्जियाच्या दोन रनिंग बॅकचे दोन पक्ष होते. बायको चबची. कारण काय, तर "तो बोलत नाही." खरंच बोलायचा नाही. सीडरटाउन नावाच्या इथल्याच छोट्या गावातला पोरगा. बॉल घ्यायचा, पळायचा, पंचाच्या हातात बॉल द्यायचा, संपलं. मी मिशेलचा, कारण तो दुसरा होता. तो पहिला झाला असता तर मी कुणाचा झालो असतो, हे बायकोला माहीत आहे.

पण पहिला कोण, हे त्या चार वर्षांत आमच्या किंवा कोचच्या डोक्यानं फारसं ठरलंच नाही. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये टेनेसीच्या मैदानावर अगदी पहिल्याच चालीत चबचा डावा गुडघा गेला. झाला मिशेल पहिला. वर्षभरानं चब उभा राहतोय तोवर ऐन उन्हाळ्यात मिशेलनं एटीव्हीवरनं, म्हणजे त्या चार चाकांच्या मोटारसायकलीवरनं, पडून हात मोडून घेतला. मोसमाचा पहिला सामना अटलांटात, नॉर्थ कॅरोलायनाशी. चबनं त्या दुरुस्त गुडघ्यावर ३२ वेळा बॉल नेला आणि २२२ यार्ड काढले. बायकोनं माझ्याकडं नुसतं बघितलं. बोलली नाही, तीही त्याच पक्षाची.

मग दोघंही व्यावसायिक फुटबॉलमध्ये जायचं सोडून शेवटच्या वर्षासाठी कॉलेजातच थांबले, आणि २०१८ च्या एक जानेवारीला पॅसाडेनात रोझ बोल, म्हणजे त्या मोसमाची सेमीफायनल, ओक्लाहोमाशी. आम्ही मित्राकडं पावभाजीला जमलो होतो. मिशेल नुसता सुटला होता. माझ्या पावाला लोणी जरा जास्तच लागत होतं. आणि चौथ्या क्वार्टरमध्ये त्याच्या हातनं बॉल सुटला, ओक्लाहोमाच्या पोरानं उचलून थेट आमच्या टोकाच्या रेषेपार नेला, टचडाउन केला. खोलीत मॅशरचा तेवढा आवाज. मिनिटभराहून कमी वेळ उरला असताना बरोबरी कुणी केली? चबनं. दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये जिंकून कुणी दिलं? बॉल सोडणाऱ्या त्याच मिशेलनं, २७ यार्ड पळत जाऊन. ५४-४८. मिशेलचे १८१ यार्ड, चबचे १४५. ह्यात पहिला कोण ते तुम्हीच सांगा. पुढच्याच आठवड्यात फायनलला अलाबामानं काय केलं, ते इथं लिहायची गरज नाही.

चबला संधी मिळाली कशी, हे मात्र त्या रात्री कुणालाच आठवलं नाही. २०१४ मध्ये जॉर्जियाचा पहिला रनिंग बॅक टॉड गर्ली होता, आणि त्याच्याबद्दल वादच नव्हता. काकालासुद्धा बाकाकडं बघावं लागलं नसतं. वस्तूंवर ऑटोग्राफच्या सह्या करून दोन वर्षांत तीन हजार डॉलरच्या वर पैसे घेतले, म्हणून त्याला चार सामने बसवला. कॉलेजच्या खेळाडूनं स्वतःच्या नावावर पैसे कमवायचे नाहीत, असा तेव्हा नियम होता. नव्वद हजारांहून जास्त लोक तिकीट काढून त्याला बघायला यायचे, त्याच्या तीन नंबरची जर्सी दुकानात टांगलेली असायची, त्याला नियम नव्हता. शिक्षा भोगून तो परत आला, आणि ऑबर्नविरुद्धच्या त्या पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. कॉलेजातला त्याचा तो शेवटचा सामना.

२०२१ मध्ये नियम बदलला. आता पोरं उजळ माथ्यानं जाहिराती करतात, सह्यांचे पैसे घेतात, आणि घ्यावेतच. गर्लीचे ते चार सामने कुणी परत दिले नाहीत. आम्हीही कधी मागितले नाहीत. आम्हाला चब मिळाला होता.