तुम्ही विचारलंत म्हणून : सगळे खूश असताना परके का वाटते?

'घरचे समाधानी आहेत, वाडीत मान आहे, तरी हे आयुष्य माझे वाटत नाही, असे का?' रत्नागिरीत समुपदेशनाचे काम करताना हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि विचारणाऱ्याविषयी बहुधा कोणाचीच तक्रार नसते.

मुंबईला नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांनी गावचे कौलारू घर पाडून स्लॅबचे बांधले, कारण शेजारच्या दोन्ही घरांवर स्लॅब पडला होता. गणपतीत सर्वांनी वाहवा केली. त्यांना मात्र जुनी पडवी आणि तिथला झोपाळा प्रिय होता, आणि हे त्यांनी आराखडा ठरताना पत्नीलाही सांगितले नव्हते. कर्जाचे हप्ते चालू आहेत. मे महिन्यात स्लॅबखाली बसवत नाही. ते मला म्हणाले, ''मला काय हवंय, हे कुणी विचारलंच नाही.'' मी विचारले, ''तुम्ही तरी स्वतःला विचारलंत का?'' ते बराच वेळ गप्प राहिले.

ब्रिटिश मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९६० मध्ये 'खरा स्व' आणि 'खोटा स्व' अशी मांडणी केली. बाळाच्या स्वतःच्या हालचालीला प्रतिसाद मिळण्याऐवजी त्यालाच सतत आईच्या कलाने घ्यावे लागले, तर आज्ञाधारक असा खोटा स्व पुढे येतो. परंतु तो आतल्या खऱ्याला जपण्यासाठीच उभा राहतो, हे मला फार मोलाचे वाटते. म्हणून अशा माणसाला दुबळा म्हणू नये.

लोकांच्या पसंतीची ओढ सोडून द्या, असेही मी सांगत नाही. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला, तेव्हा दापोलीजवळच्या त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. आपल्याच गावाने असे तोडणे त्यांना लागले नसेल, असे मला वाटत नाही. एवढे धैर्य सर्वांकडून मागणे अन्यायाचे आहे, आणि नोकरी सोडा, घर सोडा असा सल्ला तर मी कधीच देत नाही.

मी एवढेच सुचवतो की जेवताना, कपडे घेताना, सुट्टी ठरवताना तोंडावर आलेले 'काहीही चालेल' क्षणभर थांबवावे आणि खरे उत्तर शोधून ते मोठ्याने सांगावे. प्रारंभी घरच्यांना हे खटकते, काहींना दुखावल्यासारखेही वाटते. त्या गृहस्थांच्या पत्नीने मात्र विचारले, ''मग आधी का नाही सांगितलंत? मलाही पडवी हवीच होती.''