‘एनी अदर कॉज व्हॉट्सोएव्हर’ आणि तासगावचा बेदाणा

इंग्रजी करारातील यादीच्या शेवटी जोडलेले सर्वसमावेशक शब्द नेमके कुठवर पोहोचतात, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात वाचताना फार दूरचा वाटतो. तासगाव तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदाराची वर्षाची कमाई याच प्रश्नावर अडकली होती आणि जिल्हा ग्राहक आयोगापुढे त्याचा अंतिम युक्तिवाद मला करायचा होता. एवढ्या वर्षांच्या वकिलीत एका ओळीच्या अर्थावर संपूर्ण दुपार खर्ची पडल्याचे मला दुसरे उदाहरण आठवत नाही.

माझ्या पक्षकारांना गावात सगळे अण्णा म्हणतात. मीही तेच म्हणतो. त्यांनी मार्चअखेरीस हिरवा बेदाणा 15 किलोच्या पेट्यांमध्ये भरून एका कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवला होता. दिवाळीच्या आधी सौद्यात दर चढतो, त्या वेळी माल काढायचा, असा त्यांचा बेत होता. बेदाण्याचा दर रंगावर ठरतो. थंडाव्यात माल नीट राहिला तर हिरवा रंग टिकतो. उन्हाळ्यात खोली तापली की तोच माल काळपट पडतो, चिकट होतो आणि व्यापारी पेटी उघडून नुसती मूठभर हातात घेऊन बाजूला ठेवतात. अण्णांच्या मालाचे नेमके हेच झाले. चांगल्या मालाच्या निम्म्या दरानेही तो कसाबसा खपला.

स्टोरेजच्या मालकांनी नोटिशीला उत्तर देताना पावतीच्या मागील बाजूस छापलेल्या अटींकडे बोट दाखवले. त्यातील नववी अट अशी होती: ‘फायर, फ्लड, अर्थक्वेक, स्टॉर्म, रायट ऑर एनी अदर कॉज व्हॉट्सोएव्हर’ (आग, पूर, भूकंप, वादळ, दंगल किंवा अन्य कोणतेही कारण, मग ते काहीही असो) यांमुळे होणाऱ्या कोणत्याही नुकसानीस स्टोरेज जबाबदार राहणार नाही. अण्णांची मराठीतील सही पुढच्या बाजूला होती. उत्तरात म्हटले होते की खोली थंड ठेवणारा कॉम्प्रेसर बंद पडणे हे ‘अन्य कोणतेही कारण’ आहे, ते कारण काहीही असले तरी अटीत बसते, आणि म्हणून विषय संपला.

एकतर्फी अट म्हणून ती रद्द करून मागावी, असे कोणालाही वाटेल. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित कराराची तरतूद आहेही. पण अशी तक्रार राज्य आयोग किंवा राष्ट्रीय आयोग ऐकतो, जिल्हा आयोगाला तो अधिकार दिलेला नाही. एका पावतीसाठी अण्णांना मुंबईच्या फेऱ्या घालायला लावणे मला मान्य नव्हते. त्यामुळे अट जशी आहे तशी मान्य करायची आणि तिच्या शब्दांतूनच ती या नुकसानीपर्यंत पोहोचत नाही हे दाखवायचे, असा मार्ग मी निवडला. तो अवघड होता, पण मला आजही तोच अधिक स्वच्छ वाटतो.

यासाठी जो नियम वापरतात त्याचे लॅटिन नाव ‘एजुस्डेम जेनेरिस’ असे आहे. विशिष्ट गोष्टींची यादी दिली आणि तिच्या शेवटी सर्वसाधारण शब्द आले, तर त्या सर्वसाधारण शब्दांत यादीतल्याच जातीच्या गोष्टी येतात, भलत्या येत नाहीत. 1972 मध्ये त्रिपुरातील अबकारी परवान्यासंबंधीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा नियम केव्हा लागू होतो ते नेमके सांगितले आहे: यादी असली पाहिजे, यादीतील गोष्टींचा मिळून एक वर्ग झाला पाहिजे, तो वर्ग यादीतच संपलेला नसला पाहिजे, सर्वसाधारण शब्द यादीनंतर आले पाहिजेत आणि वेगळा हेतू कुठे दिसता कामा नये. करारांच्या बाबतीत माझा भर मुख्यतः ‘नट्सफोर्ड’ या जहाजाच्या 1908 च्या इंग्लिश निकालावर होता. त्या जहाजाला व्लादिवोस्तोकच्या बंदरात माल उतरवायचा होता, पण बर्फामुळे कप्तानाने तो दुसरीकडे उतरवला. करारात म्हटले होते की ‘युद्ध, दंगल किंवा अन्य कोणत्याही कारणामुळे’ बंदर असुरक्षित वाटले तर तशी मुभा आहे. न्यायालयाने म्हटले की युद्ध आणि दंगल यांच्या शेजारी बसलेल्या ‘अन्य कोणत्याही कारणात’ बर्फ येत नाही.

समोरच्या बाजूने आमच्या वकील संघातील एक ज्येष्ठ वकील उभे होते, ज्यांच्याकडून मी उलटतपासणी शिकलो. त्यांची तयारी माझ्याइतकीच होती. त्यांनी त्याच 1908 सालातला हाउस ऑफ लॉर्ड्सचा, म्हणजे इंग्लंडच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाचा, ‘लार्सन विरुद्ध सिल्व्हेस्टर’ हा निकाल पुढे ठेवला. जहाजात माल भरायला झालेल्या उशिराच्या त्या वादात करारातील यादीच्या शेवटी ‘ऑफ व्हॉट काइंड सोएव्हर’ (कोणत्याही प्रकारचे असोत) असे शब्द होते, आणि लॉर्ड्सनी म्हटले की इतक्या स्पष्ट शब्दांनंतर एजुस्डेम जेनेरिसचा नियम उरत नाही. “आमच्या अटीत ‘व्हॉट्सोएव्हर’ आहे, नट्सफोर्डच्या करारात ते नव्हते,” असे त्यांनी शांतपणे सांगितले. त्यामागोमाग त्यांनी 1957 चा लीलावतीबाई विरुद्ध मुंबई राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दिला. मुंबईतील रिकाम्या जागा सरकारने ताब्यात घेण्याच्या कायद्यातील ‘ऑर अदरवाइज’ (किंवा अन्य प्रकारे) हे दोन शब्द तिथे संकुचित करायला न्यायालयाने नकार दिला होता. जागा कशीही रिकामी झाली असो, ती कायद्यात येते, असा अर्थ त्यातून निघाला.

हे दोन्ही निकाल खरे आहेत आणि चांगले आहेत. ‘व्हॉट्सोएव्हर’ हा शब्द निरर्थक आहे असे म्हणून मला सुटता येत नव्हते. लीलावतीबाई प्रकरणाबद्दल मी एवढेच सांगितले की तो राहत्या जागांच्या टंचाईवर केलेला कायदा होता, त्याचा उद्देश साधायचा तर शब्द रुंद वाचणे भाग होते. एका व्यापाऱ्याने स्वतःच्या बचावासाठी छापलेल्या अटीला तसा लोकहिताचा उद्देश नसतो. लार्सनमध्ये त्या रुंद शब्दांच्या मागोमाग ‘बियॉन्ड देअर कंट्रोल’ असे शब्द होते, म्हणजे अडथळा कोणताही असो, तो पक्षाच्या हाताबाहेरचा असला पाहिजे. समोरचे वकील ज्या निकालाच्या आधाराने अट रुंद करू पाहतात, त्या निकालातही स्वतःच्या हातातील गोष्ट मोकळी सुटलेली नाही.

यानंतर आयोगाच्या एका सदस्या मॅडमनी जो प्रश्न विचारला, तो त्या दिवसातला सर्वांत कठीण प्रश्न होता. त्या म्हणाल्या, “वकीलसाहेब, पूर, भूकंप, वादळ ही निसर्गाची संकटे आहेत हे समजले. पण दंगल माणसे करतात, आणि आग तर स्टोरेजच्याच वायरिंगमधून लागू शकते. मग तुमचा एक वर्ग होतो कुठे? वर्गच नसेल तर नियम लागू कसा होईल?”

वर्ग सापडत नाही म्हणून हा नियम फेटाळला गेल्याची उदाहरणे भरपूर आहेत, आणि मॅडमचे बोट बरोबर तिथेच होते. मी उत्तर दिले की या पाच गोष्टींना जोडणारा धागा निसर्ग हा नाही. त्या सर्व बाहेरून येऊन कोसळणाऱ्या आणि माल सांभाळणाऱ्याने नेहमीची काळजी घेऊनही न टळणाऱ्या आपत्ती आहेत. दंगल या वर्गात सहज बसते. आग हा शब्द एकटा असता तर त्यात वायरिंगची आगही आली असती. परंतु शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून घ्यायचा असतो, आणि पूर, भूकंप, वादळ, दंगल यांच्या रांगेत उभी असलेली आग ही त्यांच्यासारखीच, म्हणजे मालकाच्या हलगर्जीपणाशिवाय लागलेली आग होय. मॅडमनी ते लिहून घेतले. त्यांना ते पटले की नाही, हे चेहऱ्यावरून कळले नाही.

माझा खरा आधार मात्र त्याच पावतीच्या चौथ्या अटीत होता. त्या अटीत ग्राहकाने कोणकोणते आकार द्यायचे ते सांगितले होते, आणि तिथे शब्द असे होते: ‘ऑल चार्जेस इन्क्लुडिंग बट नॉट लिमिटेड टू’, आणि त्यानंतर हमाली, विमा, पेट्या बदलणे, वीज यांची यादी. सर्वसाधारण शब्द आधी आणि यादी नंतर, शिवाय यादीपुरते मर्यादित नाही असा खुलासा. अशी रचना असली की यादी केवळ उदाहरणादाखल राहते. आपल्या कायद्यांत नियम करण्याचे अधिकार देणाऱ्या कलमांत ‘विदाउट प्रिज्युडिस टू द जनरॅलिटी ऑफ द फोरगोइंग पॉवर’ (वरील अधिकाराच्या व्यापकतेला बाध न आणता) हे शब्द वारंवार दिसतात, ते याच कामासाठी. 1945 मध्ये शिवनाथ बॅनर्जी प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळात भारतातील अपिले ऐकणाऱ्या लंडनच्या सर्वोच्च न्यायपीठाने, भारत संरक्षण कायद्याबाबत हेच सांगितले, की आधी दिलेला व्यापक अधिकार नंतरच्या यादीमुळे आक्रसत नाही. मी आयोगाला म्हटले की ज्याने ही पावती तयार केली त्याला यादी मोकळी कशी सोडायची हे पक्के ठाऊक होते. ग्राहकाकडून पैसे घ्यायचे होते तिथे त्याने ती मोकळी सोडली. पाच अटींनंतर त्याच हाताने ती रचना वापरली नाही, तर त्या फरकाला काही अर्थ दिलाच पाहिजे.

शेवटचा मुद्दा भारतीय करार कायद्याचा होता. दुसऱ्याचा माल सांभाळायला घेणाऱ्याने, सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या तशाच मालाची जेवढी काळजी घेईल तेवढी घेतली पाहिजे, असे 1872 च्या त्या कायद्याचे कलम 151 सांगते. कलम 152 मध्ये ‘विशेष करार नसेल तर’ असे शब्द आहेत, आणि नववी अट हाच तो विशेष करार, असे समोरून म्हणणे होते. यावर मी कॅनडा स्टीमशिप कंपनीचा 1952 चा प्रिव्ही कौन्सिलचा निकाल वाचून दाखवला. मॉन्ट्रियलच्या गोदीतील सरकारी शेडच्या दाराची दुरुस्ती सरकारच्याच कामगारांनी गॅस कटरने केली, ठिणगी कापसाच्या गाठींवर पडली आणि शेड जळाली. करारात सरकारला जबाबदारीतून मोकळे करणारी अट होती. प्रिव्ही कौन्सिलने विचारले, की अटीत निष्काळजीपणाचा उल्लेख आहे का. नसेल तर शब्द तेवढे रुंद आहेत का. आणि असले तरी निष्काळजीपणा सोडून दुसरे काही त्या शब्दांच्या मनात असू शकते का. सरकार हरले. आमच्या नवव्या अटीत निष्काळजीपणा हा शब्द कुठेही नव्हता.

आणि निष्काळजीपणा तर कागदावर होता. आयोगाच्या आदेशाने स्टोरेजचे मशीन रूमचे रजिस्टर हजर झाले होते. एप्रिलच्या एका पानावर ऑपरेटरने निळ्या बॉलपेनने लिहिले होते: “ऑइल प्रेशर कमी. मालकांना सांगितले.” पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, फक्त “पुन्हा सांगितले.” मे महिन्यात खोलीच्या तापमानाचा रकाना सलग 23 दिवस कोरा होता. चार-पाच अंशांवर ठेवायची ती खोली त्या दिवसांत किती तापली, ते कोणीच लिहून ठेवले नव्हते. मी ती पाने अध्यक्षांसमोर उघडी ठेवली आणि म्हटले की ‘अन्य कोणतेही कारण’ म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जात आहे, ते कारण हे आहे.

बाहेर आल्यावर अण्णांनी मला एक प्रश्न विचारला. आमच्या तक्रारीच्या शेवटी मी ‘आणि आयोगास योग्य वाटेल ती अन्य दाद’ अशी ओळ घातली होती. “साहेब, त्यात मग भाडं परत मिळंल का? सगळंच मागितलंय की आपण.” ही ओळ आमच्या प्रत्येक अर्जात असते. गंमत म्हणावी की पद्धत, दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 7 नियम 7 स्पष्ट सांगतो की अशी सर्वसाधारण दाद मागावीच लागत नाही, न्यायालय ती न मागताही देऊ शकते. तरी ती ओळ टाकायला कोणी धजत नाही. मी अण्णांना समजावले की तिच्यातून तेवढेच मिळते जे सांगितलेल्या हकिकतीतून आपोआप निघते. हकिकतीत नसलेली मागणी त्या ओळीने उभी राहत नाही. भाड्याची मागणी आम्ही नुकसानीच्या हिशोबात वेगळी मांडलेलीच होती, म्हणून त्यांना काळजी करायचे कारण नव्हते.

निकाल अण्णांच्या बाजूने लागला. आयोगाने वर्गाचा मुद्दा मॅडमच्या प्रश्नासह नोंदवला आणि तो सोडवण्याची गरज नाही असे म्हटले, कारण नववी अट कितीही रुंद वाचली तरी तिच्यात स्वतःच्या निष्काळजीपणाची माफी लिहिलेली नाही. चौथ्या आणि नवव्या अटीतील रचनेचा फरक त्यांनी माझ्या शब्दांपेक्षा नेमक्या शब्दांत मांडला. दरातील तफावत, भाडे आणि व्याज देण्याचा आदेश झाला. स्टोरेजने अपील न करता रक्कम भरली.

पुढच्या हंगामात अण्णा त्याच स्टोरेजची नवी पावती घेऊन माझ्याकडे आले. अटी आता मराठीत होत्या आणि नववी अट दोन भागांत होती. पहिल्या भागात आपत्तींची यादी होती, तिच्या शेवटी ‘व्हॉट्सोएव्हर’ नव्हते. दुसऱ्या भागात स्वच्छ लिहिले होते की यंत्रातील बिघाडाने किंवा कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणाने झालेल्या नुकसानीस स्टोरेज जबाबदार नाही. अण्णांनी तो भाग स्वतः वाचला, माझ्यासमोर मालकांना फोन लावला आणि विचारले, “निष्काळजीपणा करणार हाय असं आधीच लिहून देताय, तर मी माल ठेवू कशाला?” बराच वेळ बोलणे झाले. दुसरा भाग खोडून तिथे यंत्राच्या देखभालीच्या तारखा आणि तापमानाचे रजिस्टर दर आठवड्याला दाखवण्याचे कबूल करून घेतल्यावरच अण्णांनी सही केली, आणि त्या खोडलेल्या ओळीशेजारी मालकांचीही सही घेतली.