मे महिन्यातच फेल होणाऱ्या टेस्ट

दोन वर्षं झाली, मी गावाहूनच काम करतो. हिंगणघाट तालुक्यात आमचं खेडं, अन् काम म्हणजे ब्लॉकचेनचं नोड सॉफ्टवेअर (नेटवर्कमधला एकेक कॉम्प्युटर म्हणजे नोड, त्यावर चालणारं), बिटकॉइन कोअर या बिटकॉइनच्या मुख्य सॉफ्टवेअरचा कोड घेऊन बनवलेलं, त्यामुळे टेस्टही, म्हणजे कोड नीट चालतो का ते आपोआप तपासणारे प्रोग्राम, त्याच पायथन फ्रेमवर्कमधल्या. मार्चपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मे लागला अन् टेस्ट फेल व्हायला लागल्या, त्याही रोज वेगळ्या, आज ही उद्या ती, अन् तीच पुन्हा चालवली की पास! कोडमध्ये एक ओळ बदललेली नाही. टीमवाले म्हणे आमच्याकडे तर सगळं हिरवं आहे, तुझ्याच मशीनचं काहीतरी असेल. राग आला, पण खरंच होतं ते.

मग वेळ लिहायला लागलो, बाबांच्या कापूस वेचणीच्या हिशोबाची जुनी वही होती तिच्याच मागच्या पानांवर. आठेक दिवसांत दिसलं की पहाटे पाचला सगळ्या पास अन् दुपारी एक ते चारमध्ये चार-पाच हमखास फेल. आमच्याकडे मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो, माझी खोली टिनाची, लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःच स्पीड कमी करून घेतो, अन् लाइट गेली की बॅटरीवर अजूनच मंद. त्यात टेस्ट रनर, म्हणजे टेस्ट चालवणारा प्रोग्राम, एकावेळी ४ टेस्ट लावतो, प्रत्येकीचे दोन-तीन नोड, म्हणजे आठ ते बारा नोड त्या दोन कोअरच्या डब्यावर. बाबा कूलरमध्ये पाणी टाकता टाकता म्हणाले, "काहून बाबू, तुया कामालेही ऊन लागते काय?" लागते बाबा.

पहिले एकावेळी २ च टेस्ट ठेवल्या. मग टाइमआउट फॅक्टर, म्हणजे टेस्ट किती वेळ वाट पाहून फेल म्हणेल त्या हद्दीला लावायचा गुणक. फ्रेमवर्कमध्ये नोड एकमेकांशी सिंक व्हायची वाट साधारण ६० सेकंद पाहतात, फॅक्टर ४ दिला की २४०. मला वाटलं होतं आता टेस्ट चौपट वेळ घेतील, पण तसं नसतं, ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा) एका सेकंदात पोचला तर टेस्ट लगेच पुढे जाते, २४० ही फक्त शेवटची हद्द. बहुतेक टेस्ट यातच सुधरल्या.

एक मात्र ऐकेना, अन् ती मीच लिहिलेली. एका नोडवरून ट्रान्झॅक्शन पाठवायचं, ५ सेकंद स्लीप, म्हणजे नुसतं थांबायचं, अन् दुसऱ्याच्या मेमपूलमध्ये (ब्लॉकमध्ये जायची वाट पाहणाऱ्या ट्रान्झॅक्शनच्या यादीत) आलं का ते पाहायचं. फॅक्टरचा त्या स्लीपशी काही संबंधच नाही, तो ५ म्हणजे ५! अन् मुळात बिटकॉइनमध्ये नोड ट्रान्झॅक्शनची खबर मुद्दाम थोडं थांबून देतो, कोणी पाठवलं ते बाहेरच्याला सहज कळू नये म्हणून, अन् समोरून जोडलेल्या नोडसाठी ही वाट सरासरी ५ सेकंद असते. सरासरी! म्हणजे कधी २, कधी ९. माझी टेस्ट पहाटेही नशिबावरच पास होत होती तर. स्लीप काढला, मेमपूलमध्ये दिसेपर्यंत पाहत राहणारी वेट अनटिल लावली, अन् नोडचं घड्याळ मॉकटाइमनं, म्हणजे टेस्टपुरत्या खोट्या वेळेनं, पुढे सरकवलं म्हणजे ती वाटही पाहायला नको. तेव्हापासून एकदाही फेल नाही.

मधे एक बावळटपणा केला तो पण सांगतो. वैतागून एका रात्री फॅक्टर ० ठेवला, म्हणजे टाइमआउट जवळपास बंदच, अन् झोपलो. सकाळी उठून पाहतो तर पंखा भणभणतोय अन् एक टेस्ट रात्रभर तिथंच अडकलेली. नोडमधलं कनेक्शन तोडल्यावर परत जोडायची ओळच मी लिहिली नव्हती, ब्लॉक येणार कुठून? ६० सेकंदांवर ती मुकाट्यानं फेल झाली असती अन् मी लॉग तरी वाचला असता.

फॅक्टर ४ मी रेपोत, म्हणजे टीमच्या सामायिक कोडमध्ये, टाकला नाही, माझ्या स्क्रिप्टमध्येच ठेवला, वर्धेचं ऊन पुण्यातल्या टीमवाल्यांना कशाला. मृगाचा पहिला पाऊस पडला त्या दिवशी दुपारी दोनला फॅक्टर १ करून चालवलं, सगळ्या पास. तरी २ वर ठेवला, लाइटचा काही भरवसा नाही. मग बाबांनी हाक मारली, सरकीच्या थैल्या उतरवायच्या होत्या.